आधी बोल, मंग काढ

९ जानेवारी १९७८

औषध कंपनीचा माणूस डायऱ्या वाटून गेला. त्यातली एक डॉक्टरसाहेबांनी मला दिली. म्हणाले, "अन्नपूर्णा, तुझं अक्षर चांगलं आहे, लिहीत जा." मी आईला दर पंधरा दिवसांनी कारंज्याला पत्र टाकते, पण ते तिला शेजारची माणसं वाचून दाखवतात. त्यामुळे पत्रात खरं फार थोडं असतं. खरं इथे लिहीन.

तर खरं असं, की मी या कुष्ठधामात पट्ट्या बांधायला लागून पाच महिने झाले. घरी फक्त 'सेवाग्रामजवळ दवाखान्यात नोकरी आहे' एवढंच सांगितलंय. पहिले दोन महिने रोज रडले. आता रडत नाही. पण रोग्यांच्या तोंडाकडे पाहतही नाही. पाय पाहायचा, हात पाहायचा, जखम धुवायची, पट्टी बांधायची, की पुढचा. असं केलं म्हणजे दिवस जातो.

१७ जानेवारी

प्रत्येक रोग्याच्या कार्डावर दोन पाय आणि दोन हात छापलेले असतात. जखम असेल तिथे फुली मारायची. मला फुलीनं समाधान होत नाही. जखम केवढी, कुठे वळली, कोणतं बोट गेलं, ते मी पेन्सिलीनं काढूनच ठेवते. कोणी तसं सांगितलं नाही, पण हात आपोआप करतो.

आज चंद्रभान मास्तरांची पट्टी होती. हे पूर्वी आर्वीकडे एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, अठरा वर्षं. मग रोग निघाला, बोटं गेली, शाळा गेली, घरची माणसंही येईनाशी झाली. डोळ्यांना ऊन सोसत नाही म्हणून काळा चष्मा लावतात. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आपलं कार्ड दोन्ही मनगटांत धरलं आणि उन्हात नेऊन पार नाकाला लावलं. बराच वेळ तसेच उभे होते.

"हे कोणं काढलं?"

"मी. चुकलं का काही?"

"माह्यी टाच होय हे," ते म्हणाले. "पोरी, जिले पाय येते तिले तोंडही येईन. रविवारी विणकामाच्या शेडमागं येजो. कागद-पेन्सिल आणजो."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते ठाऊक नाही.

२२ जानेवारी, रविवार

जुन्या कार्डांच्या पाठकोऱ्या बाजू घेऊन गेले. मास्तरांनी फाटकावरच्या तानबाला समोर बसवलं होतं. तानबा बरा झालेला रोगी आहे, घरी परत गेला नाही, इथेच फाटक सांभाळतो. बसून राहायची त्याला सवय आहे.

मी पेन्सिल टेकवली तर मास्तर ओरडले, "थांब! आधी बोल, मंग काढ."

"काय बोलू?"

"काय दिसते ते. तानबाचं कपाळ कसं हाये? रुंद का अरुंद? भिवया हायेत का गेल्या? डोळे एका रेषेत हायेत का एक खाली? जे बोलता येत नाई ते काढताही येत नाई."

मग मी बोलू लागले. आधी लाज वाटली, माणसाच्या तोंडासमोर त्याचंच तोंड सांगायचं. तानबा मात्र खुशीत ऐकत होता. मास्तर मान खाली घालून ऐकत होते, मधेच विचारायचे, "नाकाच्या शेंड्यापासून हनवटीपर्यंत किती?" मी पेन्सिल आडवी-उभी धरून मोजायची. "अन् कान? कान कुठून निघते, कुठं संपते?" कान भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत असतो हे मला चोवीस वर्षांत माहीत नव्हतं. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात हेही नव्हतं. सगळे लोक ते वर कपाळात काढतात, म्हणे.

तानबाचं चित्र भोपळ्यासारखं झालं. पण पाच महिन्यांत मी आज पहिल्यांदा तानबाचं तोंड पाहिलं. त्याच्या गालाला खळी पडते.

५ फेब्रुवारी

आज गंमत झाली. मी चित्र मास्तरांच्या हातात दिलं, त्यांनी समोर धरलं, मान हलवली, "झ्याक" म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, उलटं आहे ते."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मग हसून म्हणाले, "उलटंच पाहावं. सुलटं पाह्यलं का मन म्हणते हा तानबा, अन् चूक लपून जाते. उलटं केलं का निव्वळ रेघा राह्यते."

खोलीवर येऊन करून पाहिलं. खरंच! डावा गाल सुजल्यासारखा झालेला लगेच दिसला. असले गुरू मिळायला नशीब लागतं. शाळेत आमच्या ड्रॉइंगच्या तासाला नुसता आंबा आणि पतंग काढायचो.

२६ फेब्रुवारी

मास्तरांचा स्वभाव किती चांगला. जेवणानंतर वॉर्डात पेपर वाचून दाखवायचं काम कित्येक वर्षं त्यांचं होतं. आता ते तानबाला वाचायला लावतात, त्याचं वाचन सुधारावं म्हणून. तानबा अडखळत वाचतो, मास्तर न रागावता शब्द पुरवतात.

शिवाय त्यांचे कान! मी शेडच्या कोपऱ्यावर असतानाच म्हणतात, "ये अन्नपूर्णा." चपलांवरून माणूस ओळखतात. चित्रकाराचं लक्ष असं चहूकडे असतं.

१९ मार्च

शकुबाई बायकांच्या वॉर्डातली. साठीची असेल, हिंगणीकडची. जीभ मोठी तिखट. तिच्या मुलानं पत्र पाठवलंय की नातवाला आजीचा फोटो पाहायचाय. दोन वर्षांपूर्वी एका फोटोवाल्यानं तिला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवलं होतं. ती मला म्हणाली, "तूच काढून दे माह्या फोटो. तुह्या पेन्सिलीले तं रोग नाई लागत?"

मला वाटलं, नातवासाठी आहे तर जरा चांगलं काढावं. शकुबाईचं नाक बसलंय. मी सरळ काढलं. भुवया नाहीत, त्या काढल्या. तिनं चित्र हातात घेतलं आणि म्हणाली, "हे कोण होय? माह्या सासूची बहीण?"

सगळा वॉर्ड हसला. मी पळून आले. मास्तरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "तिच्या तोंडाची तुले कीव आली. कीव आली का हात खोटं बोलते. पुन्हा जा. अन् नाकापाशी गेली का डोळे मिटू नको."

मी चिडले. मनात म्हटलं, तुम्हाला काय, बसून सांगायला! हे इथे लिहिलं म्हणजे संपलं.

२ एप्रिल

शकुबाई पुन्हा बसली. या वेळी मास्तर वॉर्डाच्या दाराशी बसून होते आणि मी मोठ्यानं बोलत होते. "नाकाचा दांडा बसलाय. शेंडा मात्र वर आहे. दोन्हीच्या मधे सावली पडते. खालचा ओठ जाड, एका बाजूला उतरलेला. डोळ्यांच्या कोपऱ्यात सुरकुत्या, पंख्यासारख्या, हसरी आहे म्हणून." शकुबाई म्हणाली, "हसरी? मी? तीस वर्षांत मले कोणं हसरी म्हटलं नाई."

पेन्सिलीवर टाकानं गिरवलं. शाईचं हे मास्तरांनी मागच्या आठवड्यात शिकवलं, आडव्या-तिरप्या रेघांनी सावली भरायची. टाकाला खोडरबर नाही. रेघ मारायच्या आधी श्वास सोडायचा.

शकुबाईनं कागद मांडीवर ठेवून बराच वेळ पाहिला. "हे मीच होय," म्हणाली. पत्रात घालून पाठवलं. कोणाचे आभार मानावेत कळेना म्हणून फाटकावर जाऊन तानबाशीच उगाच बोलत बसले.

१६ एप्रिल

चौदा एप्रिलच्या जयंतीला कारंज्याला जाऊन आले. थैलीत चित्रांची वही राहिली होती, ती आईच्या हाती लागली. तिनं पानं उलटली आणि विचारलं, "हे कोणत्या दवाखान्यातले लोक होय, पूर्णा?"

सांगितलं. सगळं. वाटलं, आता नोकरी सोडायला लावेल. ती चूल विझवून आली, पुन्हा वही घेऊन बसली आणि एकेका तोंडावर बोट ठेवून नाव विचारू लागली. "याचं नाव काय? अन् ही? हिले लेकरं हायेत का?" सतरा चित्रं होती, सतरा नावं ऐकली. शेवटी म्हणाली, "मले काऊन नाई सांगतलं आधी? लोक मायले बोलतीन म्हणून? लोक तं तसेही बोलतेच."

निघताना शेवयांचा डबा दिला, शकुबाईसाठी. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले आणि कारंजा मागे पडेपर्यंत रडत होते. हे रडणं निराळं होतं.

७ मे

डोळा शिकले. मास्तर म्हणाले, बाहुलीत उजेडाचा एक ठिपका असतो, तिथे कागद कोरा सोडायचा, तो राहिला नाही तर माणूस मेल्यासारखा दिसतो. आणि ठिपका उजेडाचा असतो, डोळ्याचा नाही. माणूस फिरला की ठिपकाही जागा सोडतो. दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांतले ठिपके पाहत फिरले. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "काय गं, मला काही झालंय का?"

मास्तर मात्र बसायला तयार नाहीत. चारदा विचारलं. "माह्या तोंडात काढण्यासारखं काय हाये?" म्हणतात. थोर माणसं अशीच असतात, स्वतःबद्दल बोलू देत नाहीत.

११ जून, रविवार

नीट लिहिते, सगळं.

मास्तर आज बसले. माझ्या म्हणण्यानं नाही, शकुबाईच्या. ती शेडपाशी येऊन म्हणाली, "आमची सगळ्यायची तोंडं काढून राह्यले, तुमचं काय सोन्याचं हाये, मास्तर? बसा!" मग बसले. मी काळा चष्मा तसाच काढू लागले तर तीच पुन्हा म्हणाली, "डोये नसले तं तोंड कायचं?" मास्तरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. शकुबाई निघून गेली.

सकाळचं ऊन डावीकडून येत होतं. दोन्ही डोळ्यांत ठिपके सोडले. तासाभरानं ऊन त्यांच्या तोंडावर आलं म्हणून मी त्यांना भिंतीकडे वळून बसायला सांगितलं. उजव्या डोळ्यातला ठिपका सरकला. डाव्यातला तिथेच होता. मला वाटलं, माझंच चुकलं. खोडलं. पुन्हा पाहिलं. तिथेच.

"मास्तर, डाव्या डोळ्यातला ठिपका हलत नाही."

"नीट पाह्य."

"पाहतेय. हलत नाही."

"मंग बोल," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

मी जवळ गेले. त्यांनी शिकवलं तसंच बोलले. "पापणी खाली येते पण डोळा झाकत नाही, खालून फट राहते. ठिपका पांढरा नाही, राखाडी आहे. बुबुळावर आहे. गोल नाही, लांबट. त्याला कडा आहे. भोवती लाल."

कडा म्हटलं आणि मला कळलं. अशा कडा मी रोज काढते, तळपायांच्या. तो उजेड नव्हता, जखम होती.

"मास्तर, दुखत नाही का हो?"

"पायाची दुखते का कधी?"

मी त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर हात नेला. तिथे जखम नव्हती, पण बाहुली दुधाळ होती. त्यांनी हाताकडे पाहिलंच नाही.

"दिसतं का तुम्हाला?"

त्यांनी मांडीवरचा चष्मा मनगटांनी चाचपला. मग म्हणाले, "तू बोलते तवा दिसते."

टाचेचं ते चित्र तेवढं नाकाशी धरून दिसलं होतं, तेही धुक्यात असल्यासारखं. त्यानंतर एकही नाही. तानबा नाही, शकुबाई नाही. "हात गेले तवा शाळा गेली," म्हणाले. "डोळे गेले असं म्हटलं असतं तं तूही यायची बंद झाली असती. काऊन येशीन? आंधळ्यापाशी कोण चित्र शिकते?"

मी कागद तिथेच टाकून डॉक्टरसाहेबांकडे धावले. रविवार असूनही ते आले, डोळा पाहिला आणि गाडी काढली. सेवाग्रामला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच दाखल करून घेतलं. बाहेर येऊन विचारलं, "हे कोणाच्या लक्षात आलं?" डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "आणखी आठ दिवसांत डोळा फुटला असता."

१२ जून

मला कोणी शाबासकी देऊ नये. दहा महिने मी त्या माणसाचे पाय धुतले. पाच महिने त्याच्यापाशी बसून 'पाहायला' शिकले. त्यांनी पेपर वाचणं सोडलं, उलटा कागद धरला, चपला ऐकून ओळखलं, आणि मी काय लिहिलं? मागची पानं वाचवत नाहीत. फाडणार होते. नाही फाडली.

२ जुलै

औषधानं डाव्या डोळ्याची जखम भरतेय. कोपऱ्याच्या बाजूनं पापण्या थोड्या शिवल्या, म्हणजे डोळा उघडा पडून वाळणार नाही. त्या डोळ्यानं फारसं दिसणार नाही, पण डोळा राहिला. उजव्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूज उतरू द्या, मग काढू, आशा आहे.

मी सेवाग्रामला मास्तरांच्या खाटेजवळ बसून पेपर वाचला. मग वॉर्डातली तोंडं सांगितली, एकेक. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "बाई, माह्यंही सांगा ना." त्याचंही सांगितलं.

"मास्तर, मी यायची बंद झाले नाही," असं शेवटी म्हटलं. त्यांनी नुसतं मनगट माझ्या हातावर ठेवलं.

१३ ऑगस्ट

डॉक्टरसाहेबांनी नवीन कार्डं छापून आणली. पायांच्या वर आता दोन डोळे आहेत. दर सोमवारी सगळ्यांचे डोळे पाहायचं काम माझ्याकडे दिलंय. पापणी पूर्ण मिटते का, ठिपका हलतो का. पहिल्याच सोमवारी दोघे सापडले. त्यातली एक शकुबाई. तिचं लवकर सापडलं, नुसत्या थेंबांवर भागेल. ती म्हणाली, "हसऱ्या बाईचे डोये हायेत, सांभाळून टाक."

१० सप्टेंबर

मोतीबिंदू काढला. पट्टी बांधून मास्तर उताणे पडून आहेत. हलायचं नाही, खोकायचं नाही. तानबा भेटायला आला आणि न अडखळता अख्खा पेपर वाचला.

२२ ऑक्टोबर, रविवार

जाड भिंगाचा चष्मा आला. मास्तर परवा धामात परतले, पण चित्रं आज मागितली. शेडमागे सतरंजी टाकून मी ती मांडली, जानेवारीपासूनची, बेचाळीस.

त्यांनी एकेक पाहिलं, सुलटं धरून. मी उभीच. तानबाच्या पहिल्या चित्रापाशी थांबले. "हा कोण? भोपळा?" मग शेवटच्या तानबापाशी. "अन् हा? याच्या गालाले खळी पडते? दहा वर्षं सोबत राह्यलो, अन् खळी मले आज दिसली." एकात मान चुकली होती ती दाखवली, दोघांचे कान. मी मनापासून ऐकलं. एवढ्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा माझी खरी चूक काढली आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

अर्धवट राहिलेलं त्यांचं चित्र सर्वांत शेवटी होतं. ते त्यांनी पाहिलं. सतरंजीवर बाजूला ठेवलं.

मग म्हणाले, "पट्टी आण. रुंद. अन् मऊ पेन्सिल."

मी त्यांच्या तळहातावर पेन्सिल ठेवून पट्टीनं बांधली, अंगठ्याच्या खुंटाला आधार देऊन. हे काम मला येतं. घट्ट नको, रक्त थांबेल, आणि सैलही नको. त्यांनी हवेत दोनदा फिरवून पाहिलं.

"बस समोर."

"मी?"

"मंग कोण? साऱ्यायचं काढलं, तुह्यं कोणं काढलं?"

बसले. हात कुठे ठेवावेत कळेना. ते खांद्यापासून हात हलवून रेघ मारत होते, रेघ लटपटत होती, थांबत होती, पुन्हा निघत होती. तानबा मागून डोकावत होता आणि शकुबाई त्याला सरकवत होती. मास्तर वर पाहायचे, खाली पाहायचे, जाड भिंगांतून त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. माझ्याकडे असं कोणी इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

"नाक तुह्यं मले वाटलं होतं त्याहून मोठं हाये," ते म्हणाले.

मी हसले.

"हलू नको!"

जेवणाची घंटा झाली. तानबा गेला, शकुबाई गेली. आम्ही दोघं उठलो नाही. एक कान राहिला होता.